पगारी विद्यार्थिनी

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि प्राध्यापक जास्त होते. त्यांत घोरपडसर सगळ्यांत मोठे. एकदा खुर्चीला चिकटले ते चिकटले.

त्यांच्या हाताखाली वल्लरी खवलेमांजर मुंग्यांवर पीएच.डी. करत होती. म्हणजे सरांच्या पिल्लांना शाळेतून आणत होती आणि घोरपडबाईंचं दळण आणत होती. उरलेल्या वेळात मुंग्या. "सर, प्रकरण वाचलंत का?" असं तिने विचारलं की सर म्हणत, "दिवाळीनंतर बघू." कुठली दिवाळी, ते कधी सांगत नसत.

एका हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाक पक्षी आला. म्हणाला, "आमच्याकडच्या विद्यापीठात मुंग्यांवर पीएच.डी.ची जागा निघालीय. दरमहा पगार देतात."

वल्लरीचे बाबा दचकलेच. "शिकायचं आपण, आणि पैसे ते देणार? अगं, खवल्यांसाठी बोलावत असतील!"

तरी तिने अर्ज केला. मुलाखतीत तिकडच्या रेनडिअरबाईंनी मुंग्यांबद्दल विचारलं. फक्त मुंग्यांबद्दल. वडील काय करतात, लग्नाचं काय, काही नाही. वल्लरीला वाटलं, यांना आपल्याला घ्यायचंच नाही.

पण निवड झाली. आता फक्त सरांचं शिफारसपत्र हवं होतं.

"देतो की," सर म्हणाले. "पण पिल्लांना कोण आणणार?"

वल्लरी घरी आली. जेवण गेलं नाही. शेवटी मावसबहिणीला हळूच म्हणाली, "दुर्वा, तुला पीएच.डी. करायचीय का गं?"

दुर्वा आनंदाने नाचली. सरांनी लगेच सही केली.

उत्तरेत पोचल्यावर पहिल्याच दिवशी वल्लरीने अदबीने विचारलं, "बाई, बाळांची शाळा कधी सुटते?"

"त्यांचे बाबा आणतात त्यांना," रेनडिअरबाई म्हणाल्या. "तुझं प्रकरण वाचलं मी. छान आहे. संध्याकाळ झाली, आता घरी जा."

वल्लरी सामान आवरू लागली. पहिल्याच दिवशी घरी पाठवतायत! पण बाई हसत होत्या. मग तिला सगळं कळलं आणि दुर्वाचा नाचरा चेहरा आठवला. तिने अंगाचं वेटोळं केलं आणि आतल्या आत रडू लागली.

बाई गोंधळून बाहेरून विचारत राहिल्या, "पगार कमी वाटतो का?"

तात्पर्य : जिथे प्रकरणं वेळेवर वाचतात आणि संध्याकाळी घरी जाऊ देतात, तिथे शिष्याला गुरूचा धाक कसा वाटणार? म्हणून, मुलांनो, आपल्याच जंगलात शिका. परदेशी जायचंच असेल, तर एखादी भोळी मावसबहीण राखून ठेवा.