सासऱ्यांच्या कानाला पटेल असा पंप

सासरेबुवांनी लग्नानंतर पहिल्यांदाच आपली लाडकी गाडी जावईबापूंच्या हातात दिली, आणि ती लेकाची पहिल्याच चढावर वाफा सोडू लागली. मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं घालून निदान केलं, "वॉटर पंप गेला. डुप्लिकेट टाकू का ओरिजिनल?"

"ओरिजिनलच टाका हो!" जावईबापू कळवळले. "'माझ्या गाडीत सगळं ओरिजिनल' असं सांगून सांगून सासऱ्यांनी अख्ख्या गल्लीचे कान किटवलेत. डुप्लिकेट निघाला तर मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत."

कंपनीचा सीलबंद पंप बसला. इंजिन चालू आहे की बंद, तेच कळेना. जावईबापू ऐटीत सासरी पोचले. सासरेबुवांनी बॉनेटला कान लावला मात्र, त्यांचा चेहरा पडला.

"आवाज कुठाय?"

"कसला आवाज, बाबा?"

"घर्र-खट्! माझ्या ओरिजिनल पंपाची खूण होती ती. हा मुका माल कुठून उचललात? डुप्लिकेट टाकून सासऱ्याला टोपी घालता?"

जावईबापूंनी बिल पुढे केलं. "बिलंही डुप्लिकेट मिळतात," म्हणून सासरेबुवा तरातरा आत गेले.

बायकोने नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "अहो, कुठूनही आणा, पण तो आवाज आणा. नाहीतर जन्मभर प्रत्येक जेवणाला ताटात हाच पंप वाढला जाईल. बाबांना मी ओळखते."

जावईबापू पुन्हा गॅरेजात धावले. मेकॅनिकने भंगारातून जुना पंप उपसला, पुसला आणि कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, डुप्लिकेट तर हाच होता!"

"मग पुन्हा डुप्लिकेटच टाका!"

दोघं दुकानात धावले. दुकानदाराने पंप हातात घेऊन सुस्कारा सोडला. "ही कंपनी केव्हाच बुडाली. आता याची नक्कल येते. त्यात घर्र येतं, पण खट् येत नाही. ओरिजिनल डुप्लिकेट आता दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही."

"मग?" जावईबापू रडकुंडीला आले.

मेकॅनिकने जुन्या पंपाकडे पाहिलं, जावईबापूंनी मेकॅनिककडे. "गळका पंप मी बसवला हे कुणाला सांगू नका," मेकॅनिक म्हणाला, "माझ्या धंद्याची अब्रू जाईल." नवाकोरा ओरिजिनल निघाला आणि जुना गळका पुन्हा बसला. डिकीत पाण्याचे कॅन भरून, दर वळणावर इंजिनाला पाणी पाजत जावईबापू एकदाचे सासरी पोचले.

घर्र-खट्! घर्र-खट्! सासरेबुवांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गाडीखालीही राहिलं होतं, पण ते कुणी पाहिलं नाही.

"वा! याला म्हणतात ओरिजिनल! चूक कबूल करून बदलून आणलात, मन मोठं आहे तुमचं." त्यांनी किल्ली जावईबापूंच्या मुठीत कोंबली. "आजपासून गाडी तुमची!"

जावईबापूंचा आनंद गगनात मावेना. गाडी आपली, म्हणजे उद्या सकाळी पहिलं काम, तो चांगला पंप बसवायचा!

"फक्त एक करायचं," सासरेबुवांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रोज ऑफिसला जाताना इकडून जायचं. मला आवाज ऐकवायचा आणि मगच पुढे निघायचं."