तीन घरची आमटी

अच्युत कानडेने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तीन बायकांना एकच वाक्य सांगितलं. वाक्य प्रेमाचं नव्हतं, आमटीचं होतं. तरी त्यापायी त्याच्यावर घर सोडायची वेळ आली. आता तो दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो, आणि मेसमधली डाळ ताटात पडली की त्याला ते वर्ष हटकून आठवतं. आठवलं की आधी हसू येतं. मग येत नाही.

झालं असं, की त्याच्या वडिलांची, वसंतरावांची, जुलै महिन्यात भोपाळच्या कारखान्यातून एकदम त्रिचीला बदली झाली. अच्युतचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. कारखान्याच्या टाउनशिपचा एक दयाळू नियम होता : बदली झालेल्या माणसाला मुलाचं शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत क्वार्टर ठेवता येई. अट एकच, की क्वार्टरमध्ये घरच्याच माणसाने राहायचं, पोटभाडेकरू ठेवायचा नाही. तेव्हा आईवडील त्रिचीला गेले आणि पिपलानीतल्या दोन खोल्या, मागचं अंगण आणि पेरूचं एक झाड सांभाळायला अठरा वर्षांचा अच्युत मागे राहिला.

जाताना वसंतराव म्हणाले, "क्वार्टर सांभाळ. ते गेलं तर हॉस्टेल यंदा मिळायचं नाही, गाशा गुंडाळून सरळ त्रिचीला यायचं. वर्ष बुडालं तरी चालेल, पण लोकांच्या घरी राहायचं नाही."

त्याच्या आईने, सुलभाताईंनी, वेगळीच ताकीद दिली. "कोणी डबा पाठवला तर घासून परत करायचा. आणि रिकामा नाही द्यायचा हं. काहीतरी घालून द्यायचं. लोक म्हणतील, आईने काही शिकवलं नाही."

तीन दिवस अच्युतने ब्रेड आणि लोणचं खाल्लं. चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या लीलावतीकाकू घाटे पुढच्या दाराने डबा घेऊन आल्या. काकू मूळच्या नागपूरच्या. डबा देऊन परत जातील त्या कसल्या! दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "खा माझ्यासमोर. कशी झाली आमटी, सांग."

अच्युतने भाताचा पहिला घास घेतला. तीन दिवसांच्या ब्रेडनंतर कुठलीही गरम वस्तू त्याला अमृत लागली असती. शिवाय घर फार रिकामं होतं. तो म्हणाला, "काकू, अगदी आईसारखी!"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अच्युतला वाटलं, माणसाला इतका आनंद देणं इतकं सोपं असतं हे आपल्याला आजवर कोणी सांगितलं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराने मनोरमाकाकू जोग आल्या. त्यांनीही विचारलं. अच्युतने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी टाउनशिपच्या शाळेत शिकवणाऱ्या वैजयंतीकाकू शाळा सुटल्यावर आल्या, आणि त्यांनी विचारायच्या आधीच अच्युतने सांगून टाकलं. तिघींनाही वाटलं की हे भाग्य आपलं एकटीचंच. बाकीच्या दोघी पोळी, भाजी, काय हवं ते पाठवोत. आमटी मात्र आपली.

तेव्हापासून रोज तीन डबे आमटी येऊ लागली.

मुलगा वाईट नव्हता, एवढं इथे सांगायला हवं. आमटी टाकून देणं त्याच्या जिवावर येई. तो ती भाताबरोबर खाई, ब्रेडबरोबर खाई, संध्याकाळी चहाच्या कपात ओतून पिई. दिवाळीपर्यंत त्याच्या पँटी कमरेत बसेनाशा झाल्या. महाराणा प्रताप नगरमधल्या कोचिंगला त्याच्या शेजारी बसणारा रमेश म्हणायचा, "यार, तेरे से रोज हिंग की खुशबू आती है." एकदा तरी 'आज नको' म्हणावं असं त्याच्या मनात यायचं. पण कोणत्या काकूला म्हणणार?

खरी पंचाईत डब्यांची झाली. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आईची आज्ञा. पहिले काही दिवस त्याने डब्यात अंगणातले पेरू घातले. पेरू संपले. मग केळी घातली. मग त्याला काही सुचेना. डबे घासून तो स्वयंपाकघराच्या फडताळात मांडून ठेवू लागला, की काहीतरी चांगलं आणू आणि सगळे एकदम देऊ. आणि आपला डबा स्वतःहून मागणं तिघींपैकी एकीच्याही रीतीत बसत नव्हतं. त्यांनी नवे डबे काढले, मग वाडगे, मग बरण्या, शेवटी लग्नात आहेर म्हणून आलेली, एवढी वर्षं माळ्यावर पडलेली भांडीही उतरवली. मार्चअखेर अच्युतच्या फडताळात एकतीस भांडी होती.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली असताना एका दुपारी इस्टेट ऑफिसचे दुबेजी तपासणीला आले. गृहस्थ सरळ होते, पण त्या प्रकारच्या क्वार्टरसाठी दीडशे माणसं रांगेत उभी होती आणि पोटभाडेकरू शोधणं हे त्यांचं कामच होतं. त्यांनी मीटर पाहिला, खाट एकच आहे हे पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. तिथे ते थबकले.

"बेटा, ये इतने बर्तन किसके हैं?"

"काकू लोगों के," अच्युत म्हणाला.

दुबेजींनी एक डबा उचलून उजेडात धरला. आपल्या लोकांत भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं घरात येत नाही. स्वतःचं असेल तर स्वतःचं, आहेराचं असेल तर देणाऱ्याचं. दुबेजींनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सौ. लीलावती नीळकंठ घाटे. सौ. मनोरमा जोग. मंगला और बाळू. रजनी की ओर से. कांचन, बारसा. सिंधू मावशी..." ते वाचत गेले आणि नोंदवहीत लिहीत गेले. एकूण एकोणीस नावं झाली.

"उन्नीस लोग!" दुबेजींचा आवाज खाली आला. "और ज़्यादातर लेडीज़! तुम्हारे पिताजी को मालूम है?"

"सर, इथे... मतलब यहाँ कोई नहीं रहता. मैं अकेला हूँ."

"अकेले हो, तो आज की दाल तीन डिब्बों में क्यों है?" ओट्यावरचे तिन्ही डबे दुबेजींनी उघडून पाहिले होते. तिन्हींत ताजी आमटी होती. "साफ बात है. या तो किरायेदार रखे हैं, या मेस चला रहे हो. मुझे लिखना पड़ेगा. आठ दिन में क्वार्टर खाली."

अच्युतने मनात हिशेब केला. आठ दिवसांनी म्हणजे परीक्षेच्या ऐन तोंडावर. म्हणजे त्रिची, म्हणजे बुडालेलं वर्ष. तो म्हणाला, "सर, पाच मिनट रुकिए," आणि पुढच्या दाराने धावत सुटला.

पाच मिनिटांत तिन्ही काकू स्वयंपाकघरात हजर होत्या. लीलावतीकाकूंच्या हाताला कणीक तशीच होती. मनोरमाकाकूंनी येताना नेसती साडी बदलली होती. वैजयंतीकाकूंच्या हातात लाल पेन होतं.

वैजयंतीकाकूंनी सूत्रं हातात घेतली. "देखिए, ये बर्तन हमारे हैं. रजनी मेरी ननंद है, वो इंदौर रहती है. कांचन मेरी बेटी. उसका बारसा होके सत्रह साल हुए."

"मंगला आणि बाळू आमचे," मनोरमाकाकू म्हणाल्या. "मेरे भाई-भावज. सांगलीमें हैं. इधर कभी आयेच नहीं."

"ठीक है," दुबेजी म्हणाले, "बर्तन मान लिए. लेकिन दाल? एक लड़के के लिए तीन-तीन घर से दाल?"

इथे लीलावतीकाकू पुढे झाल्या. "बाकीच्यांचं मला माहीत नाही बाप्पा. पण साहब, उसको मेरीच आमटी लगती है. उसने खुद बोला है, आईसारखी. उसके माँ के जैसी."

मनोरमाकाकू गर्रकन वळल्या.

"काय म्हणालात?" मनोरमाकाकूंनी विचारलं. "आईसारखी? ते तर तो मला म्हणाला."

वैजयंतीकाकूंनी लाल पेनाचं टोपण लावलं. "कधी म्हणाला तुम्हांला?"

"जुलैत! पहिल्याच दिवशी!"

"मला पण जुलैतच."

मग तिघी एकदम बोलू लागल्या. कोणाच्या आमटीत काय असतं आणि कोणाच्या आमटीत काय कधीच नसतं, हे प्रत्येकीने दुसरीला सुनावलं. दुबेजी एकीकडून दुसरीकडे मान वळवून पाहत होते. शेवटी त्यांनी हात वर केला आणि अच्युतला म्हणाले, "तुम बोलो. सच बोलो. किसको कहा था?"

सहा डोळे त्याच्यावर लागले. एकीचं नाव घेतलं असतं तर निदान एक घर तरी राहिलं असतं. पण मग उरलेले दोन डबे कशाचे, हा प्रश्न दुबेजींनी पुन्हा विचारलाच असता.

"तिघींना," अच्युत म्हणाला. "तीनों को बोला, सर."

दुबेजींनी वही मिटली. "बस. मेसवाला होता तो ऐसे नहीं फँसता." ते हसत हसत निघाले आणि दारातून वळून म्हणाले, "पढ़ाई करो. क्वार्टर तुम्हारा मई तक."

क्वार्टर वाचलं. तिन्ही काकूंनी मात्र आपापली भांडी फडताळातून उतरवली. अच्युत म्हणाला, "काकू, रिकामे नका ना नेऊ, मी काहीतरी..." कोणी ऐकलं नाही. एकतीस भांडी रिकामीच गेली. लीलावतीकाकूंनी जाताना दार फार हळू लावून घेतलं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

नंतर डबा आला नाही. पहिल्या दिवशी त्याला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने खिचडी केली, ती खालून जळली आणि वरून कच्ची राहिली. पाचव्या दिवशी केमिस्ट्री वाचता वाचता तो दाराकडे कान देऊन बसलाय, हे त्याच्या लक्षात आलं. अंगणात काकू दिसल्या तर तो आत जाई. तो दिसला तर काकू आत जात. आपण तीन बायकांना फसवलं, यापेक्षा आता आपली कोणी वाट पाहत नाही, हे त्याला अधिक बोचत होतं. परीक्षा त्याने ब्रेड आणि लोणच्यावर दिली.

मे महिन्यात सुलभाताई सामान बांधायला आल्या. अच्युतने त्यांना सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं, आई रागावेल. सुलभाताई पोतं शिवायचं थांबवून हसत सुटल्या.

"हसतेस काय? मी खोटं बोललो त्यांच्याशी."

"अरे, तिघींचीही पत्रं आली होती मला. ऑगस्टात, एकाच आठवड्यात." सुलभाताईंनी डोळे पुसले. "तिन्हींत हेच, की अच्युतला तुमच्यासारखी आमटी आवडते, तर तुमची कृती कळवा, म्हणजे अगदी तशीच करून घालेन. आणि तिघींनी खाली लिहिलं होतं, बाकी दोघींना कळू देऊ नका. मी कशाला सांगते? तिघींनाही लिहून पाठवली. मेथीदाणे किती, गूळ किती, आमसुलं कधी घालायची, सगळं."

दिवाळीच्या आसपास तिन्ही डबे सारखेच लागू लागले होते, हे अच्युतला आता आठवलं. त्याला वाटलं होतं, रोज खाऊन खाऊन आपली जीभ मेली असेल.

"म्हणजे वर्षभर ती तुझीच आमटी होती?"

"मग काय तर! मला तिकडे वाटायचं, चला, पोर तिथे माझ्याच हातचं खातंय." मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू ओळखली नाहीस?"

आईची आमटी कशी लागते हे तो पहिल्या चार दिवसांतच विसरला होता, आणि ती रोज तीनदा समोर येऊनही त्याला तिची ओळख पटली नव्हती. खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आता ते खरं होतं, आणि सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर तिघींची पत्रं उघडी पडली असती.

सुलभाताईंनी पुन्हा सुई उचलली. "जा, लीलावतीकाकूंकडे जाऊन ये. उद्या गाडी आहे."

घाट्यांचं दार उघडंच होतं. काकूंचे यजमान नीळकंठराव पहिली पाळी करून नुकतेच जेवायला बसले होते. लीलावतीकाकू त्याच्याकडे न बघता पोळी लाटत राहिल्या.

अच्युतने वाटेत तीन वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. तो म्हणाला, "काकू, भूक लागलीय."

लाटणं थांबलं. "हात धुऊन ये," काकू म्हणाल्या.

ताट वाढलं गेलं. नीळकंठराव त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बरं झालं बाबू, तुझं ते प्रकरण झालं. वर्षभर ही गूळ घालून राहिली होती वरणात. मी मुकाट्यानं खाऊन राहिलो होतो. आता महिनाभर झाला, घरचं वरण मिळून राहिलं मला."

अच्युतने घास घेतला. लसूण, लाल मिरची, वरून कढवलेल्या तेलाची फोडणी. नाकातोंडातून पाणी आलं. काकू हातात पळी घेऊन उभ्या होत्या, पण त्यांनी काही विचारलं नाही.

"काकू," नाक पुसत अच्युत म्हणाला, "ही आईसारखी अजिबात नाहीये."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. नीळकंठरावांचा घास हातातच राहिला.

"अजून वाढा ना."