आसेगावचा ओटीपी

मारोतरावांची जीभ रोज सकाळी भाजते. चहा निवेपर्यंत थांबणं त्यांना आजवर जमलेलं नाही. त्या दिवशीही ती भाजली आणि भाजलेल्या जिभेनंच त्यांनी बायकोला बातमी दिली.

"चतुरे, बेस्तरवारी माहा सत्कार हाय. शेतकरी गटाकून. शाल, नारळ आन् माहं भाषण."

"सत्कार? कायचा?"

"संयमाचा."

चतुराबाई भाकरी थापत होत्या. त्या परातीवरच ओणव्या होऊन हसायला लागल्या आणि तव्यावरची भाकर करपली तरी त्यांचं हसू थांबेना.

आता हसण्यासारखं होतंच. मारोतराव म्हणजे एसटी थांबायच्या आत उतरणारा माणूस. लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत अक्षता फेकून हे पंगतीत बसलेले. सोयाबीन ओलं आहे, जरा वाळू द्या, असं घरातले सांगत असतात आणि हे पडत्या भावात रिसोडला विकून मोकळे होऊन परतही आलेले असतात. अशा माणसानं एकाच बँकेचे शेअर सोळा वर्षं सांभाळले होते आणि दहा हजारांचे दोन लाखांच्या वर झाले होते.

पुतण्या गणेशचं रिसोडला ऑनलाइन सेंटर आहे. त्यानं ही गोष्ट चार गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगितली. गावात, केनवडात पोचेपर्यंत दोनाचे वीस लाख झाले होते. लागलीच देवळाच्या कळसाची वर्गणी मागायला लोक आले, जुनी जीप विकणारा आला, आणि ज्यांनी पंधरा वर्षं पाणी विचारलं नव्हतं असे पाहुणे मुक्कामाला आले. शेवटी गटानं ठरवलं की असा धीर ठेवणाऱ्या माणसाचा सत्कार व्हायलाच पाहिजे.

"सत्कार घ्या, नाईतर मिरवणूक काढा," चतुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण त्या पैशाले हात लावाचा नाई. आपल्या पोरीच्या, राखीच्या नर्सिंगचे हायेत ते. येत्या साली तिची ॲडमिशन हाय."

"माहीत हाय मले," मारोतराव म्हणाले आणि घाईघाईनं गोठ्यामागे गेले.

तिथं जाऊन ते जे करायचे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. खरं म्हणजे हे शेअर त्यांनी कितीदा तरी विकायला काढले होते. एकदा कडकनाथ कोंबड्यांसाठी, एकदा जुन्या थ्रेशरसाठी, आणि बाजार पडला की मग तर हमखास. पण विकताना मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो यायचा त्यांच्या जुन्या नंबरावर. तो मोबाइल कित्येक वर्षांपूर्वीच विहिरीत पडला होता. 'त्याच नंबराचं सिम उद्या मिळेल,' असं दुकानदार म्हणाला होता. उद्यापर्यंत थांबतील तर ते मारोतराव कसले? त्यांनी उभ्या उभ्या नवा नंबर घेतला. खात्यात नवा नंबर चढवायला ते दोनदा अकोल्याला गेले आणि दोन्ही वेळा रांग सोडून परत आले.

जुना नंबर पुढे कंपनीनं दुसऱ्याला देऊन टाकला. तो गेला आसेगावच्या जैतुनबींकडे. बांगड्यांचं दुकान चालवणारी म्हातारी बाई. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण गोठ्यामागून लावलेल्या फोनांवर ओळख मात्र जुनी होती.

"आपा, आता तुमच्या मोबाइलवर एक आकडा आला असंन. तेवढा सांगा."

"आला ना. पण कोणाले सांगू नका असं लिवलं हाय त्याच्यात."

"आपा, तो माहाच आकडा हाय."

"असंन भाऊ. पण लुटणारा भी असंच म्हनते. फोन लावला का ती फोनातली बाई पह्यलेच सांगून राह्यली ना, सावध राहा म्हून."

मारोतरावांनी चिडून पाहिलं, विनवून पाहिलं, ईदच्या मुबारकबाद दिल्या. जैतुनबी दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या, घरच्यांची खुशाली विचारायच्या, पण आकडा म्हणून सांगायच्या नाहीत. सोळा वर्षांचा संयम म्हणतात तो हा असा होता.

गुरुवारी समाजमंदिरासमोर मांडव पडला. गणेशनं आपल्या मोबाइलमधल्या झाडून सगळ्या नंबरांवर निमंत्रण धाडलं होतं. त्यात काकांचा जुना नंबर अजून तसाच होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

शाल पांघरून मारोतराव माइकसमोर उभे राहिले. "धीर धरा लागते," ते म्हणाले. "बी पेरलं का दुसऱ्या दिवशी उकरून पाहाचं नाई. भाव पडला तरी मन पडू द्याचं नाई." टाळ्या पडल्या. मारोतरावांनी नारळाआड ठेवलेल्या मोबाइलकडे हळूच पाहिलं. बँकेचा भाव सकाळपासून घसरत होता. भाषण आवरतं घेऊन ते खुर्चीत बसले, गणेश आभार मानायला उठला आणि इकडे मारोतरावांनी शालीच्या आत विक्रीचं बटण दाबलं.

बायकांच्या दुसऱ्या रांगेत एक मोबाइल टुणकन वाजला.

मारोतरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी शालीतूनच फोन लावला. त्याच रांगेत घंटी वाजली आणि पांढऱ्या ओढणीतल्या एका म्हातारीनं चष्मा सारखा करून फोन कानाला लावला.

"आपा, आकडा," मारोतराव कुजबुजले. "जल्दी. बाजार पडून राह्यला."

"मी नाई सांगत, भाऊ."

हा आवाज त्यांना कानातूनही आला आणि समोरूनही. जैतुनबींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या बोलतात मोठ्यानं. गणेशचे आभार अर्ध्यावर थांबले. म्हातारी उठून उभी राहिली.

"तुमचा सत्कार हाय म्हून मी आसेगावून जीपचे धक्के खात आली. पोराले, रऊफले दुकानात बसवून आली. आन् तुमी इथं शाल घेऊन शेअर इकून राह्यले?"

चतुराबाई उठून जैतुनबींजवळ गेल्या. "आपा, यायनं आकडा मांगतला तुमाले? पह्यले भी मांगतला होता?"

"पह्यले? माय, बाजार पडला का यायचा फोन येतेच. कोंबड्याच्या टायमाले तर रडले भी."

आता मात्र मांडव असा हसला की माइकवाल्यालाही हसू आवरेना. चतुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी राखीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या तरातरा मंचावर चढल्या, नवऱ्याच्या अंगावरची शाल ओढून काढली आणि खाली येऊन ती जैतुनबींच्या खांद्यावर घातली.

"गणेश, सत्कार आपाचा हाय. नाव बदलून सांग पुन्हा."

मारोतराव नारळ मांडीवर घेऊन बसून राहिले. नारळ तेवढा कुणी मागितला नाही.

पुढं राखीला वाशिमला नर्सिंगला प्रवेश मिळाला. त्या सकाळी चहा समोर आला तसा मारोतरावांनी चारचौघांत, उजळ माथ्यानं आसेगावला फोन लावला.

"आपा, राखीची फी भराची हाय."

"राखीले द्या फोन."

राखीनं खरं असल्याचं सांगितलं.

"आता चतुराबाईले द्या."

चतुराबाईंनीही सांगितलं. मग जैतुनबी चष्मा शोधायला गेल्या. चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा पाठवला. तिकडून रऊफ म्हणाला, "अम्मी, मी वाचून देतो." "तू गप्प बस, कोणालेच दाखवाचा नसते," असं त्यालाही ऐकावं लागलं. मग म्हातारी एकेक आकडा सावकाश, दोनदोनदा सांगू लागली. मारोतराव मुकाट्यानं लिहून घेत होते. घाई करा म्हणून सांगायचं कुणाला?

शेअर विकले गेले, फीची सोय झाली. राखीनं आईला मिठी मारली. मारोतरावांनी फोन ठेवून चहाची बशी तोंडाला लावली आणि चमकून खाली ठेवली.

"काय झालं?" चतुराबाईंनी विचारलं. "भाजलं काय पुन्हा?"

"नाई ना," ते बशीकडे पाहत म्हणाले. "चहाले आज चव लागून राह्यली."