सूर्यावर पाळत

परुळेकरकाकांचा सूर्यावर संशय होता. दूधवाला, शेजारी, सोसायटीचा सेक्रेटरी यांच्यावर तर होताच, पण ती किरकोळ मंडळी. सातिवलीत वीज गेली किंवा भुईगावात सुरमई महागली, की काका वर बोट दाखवत, "त्याचंच काम!"

काका म्हणजे जहाजावरचे निवृत्त वायरलेस ऑपरेटर. काकू गेल्यापासून एकटेच. रोज सकाळी दुर्बीण घेऊन गच्चीवर जात. दुर्बीण म्हटल्यावर समोरच्या बिल्डिंगीत पडदे ओढले गेले आणि सेक्रेटरीने मला पाळतीवर धाडलं. मीही निर्लज्जासारखा जिन्याच्या दाराआड उभा राहिलो. बघतो तर काका सूर्याकडे पाठ करून बसलेले! दुर्बिणीतून सूर्य पांढऱ्या पुठ्ठ्यावर उतरला होता आणि काका त्याच्यावरचे डाग पेन्सिलीने गिरवत होते.

"लपतोस काय? ये."

त्यांनी सायबर कॅफेतून छापून आणलेला फोटो दाखवला. सूर्याच्या कडेला आगीची कमान उठली होती.

"इथून माल उसळतो. पण सगळा सुटत नाही हं! ज्याला वेग आहे तो निघाला, दोन-तीन दिवसांत आपल्या दारात. ज्याला नाही, तो कमानीच्या पायांवरून घरंगळत परत घरी."

"दारात येऊन करतो काय?"

"लाइनी बिघडवतो. राजूचा फोन उगाच बंद आहे होय?"

राजू म्हणजे त्यांचा मुलगा, कॅनडात. दर रविवारी नऊला फोन करायचा. पाच रविवार कोरडे गेले होते. मला सूर्यापेक्षा राजूचाच संशय येऊ लागला.

सहाव्या रविवारी मी काकांकडे चहा घेत होतो. साडेनऊ झाले तरी फोन गप्पच. तेवढ्यात समोरच्या आमच्या दारातून बायको ओरडली, "अहो, लवकर या! कॅनडाहून ताईंचा फोन!"

मी बहिणीशी बोलून परत आलो. काका पेन्सिलीला टोक काढत होते. टोक कधीच झालं होतं, तरी काढत होते.

"लाइन बरी दिसते तुमची," ते म्हणाले.

"कसली बरी! नुसती खरखर," मी खोटं बोललो.

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला राजूचा असा राग आला, की राहवेना.

"काका, तुम्हीच का लावत नाही त्याला फोन?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आणि लागला तर?"