कुठेतरी पाणी मुरतंय

"मला फक्त एक देश द्या!" जागतिक काका म्हणायचे. "कुठलाही द्या, कितीही लांबचा द्या. त्यात पाणी कुठे मुरतंय ते बसल्या जागी सांगतो!"

आणि सांगायचेही. काकांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. गल्लीच्या उत्तर टोकाला त्यांचं दुकान. दुकानाच्या भिंतीवर तीन घड्याळं, तिन्ही परक्या राजधान्यांची वेळ दाखवणारी. कुणी किती वाजले विचारलं की काका म्हणत, "तिकडे आत्ता उजाडतंय!" विचारणारा बिचारा समोरच्या वाण्याकडे जाऊन वेळ विचारी. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक पुरुष आहे की बाई, याचा काकांना पत्ता नव्हता. पण सातासमुद्रापलीकडच्या अर्थमंत्र्याचा मेहुणा काय उद्योग करतो हे तोंडपाठ! जागतिक हे नाव गल्लीनं उगाच ठेवलं नव्हतं.

घरी त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या खोलीत भिंतीला ओल आली होती. पोपडे सुटून सुटून तिथे एक आकार तयार झाला होता, आणि काकांच्या मते तो हुबेहूब एका देशासारखा दिसत होता. काका खूश! घरी आलेल्याला ते आधी त्या भिंतीपाशी नेत आणि छत्रीच्या टोकानं दाखवत, "ही सामुद्रधुनी. इथून गव्हाची जहाजं जातात. या गव्हाच्या करारात पाणी मुरतंय, लिहून ठेवा!"

खाली खाटेवर आई खोकत असायची. "अरे, तुझा देश माझ्या उशीपर्यंत आला रे," ती म्हणायची.

"विस्तारवादी धोरण आहे, आई!" काका म्हणायचे.

एके सकाळी काकू चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, पाणी मुरतंय."

काकांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको आपल्या विषयावर बोलली ती आज पहिल्यांदा!

"तुलाही कळलं?"

"न कळायला काय झालं? वरून येतंय सगळं."

"वरूनच येतं!" काका उभेच राहिले. "अशा गोष्टी नेहमी वरूनच येतात!"

"नळवालाही तेच म्हणाला."

"नळवाल्याला कळतं, आणि पुढाऱ्यांना कळत नाही!"

"रविवारी शाळेत वॉर्डाची सभा आहे. तिथे बोलायला पाहिजे. मी आईंना सोडून कशी जाऊ? आणि मला चार लोकांत जमतही नाही. तुम्ही बोलाल?"

"पाणी मुरतंय, यावर बोलायचं ना?" काकांनी वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली. "अगं, हा तर माझा विषय!"

काकूंना हायसं वाटलं. त्यांनी आईंच्या पाठीखाली कोरडी चादर घातली आणि त्या म्हणाल्या, "आई, रविवारनंतर मिटेल बघा सगळं."

आता नळवाला काय म्हणाला होता, तर घरातली पाइप धडधाकट आहे. गळती आहे ती गल्लीच्या दक्षिणेला, चढावर, रस्त्याखालच्या मोठ्या पाइपला. ती दुरुस्त करणं हे फक्त पाणी खात्याचं काम. ही एवढीशी गोष्ट सभेत सांगायची होती. काकांनी मात्र दोन दिवस आरशासमोर तालीम केली.

रविवारी शाळेच्या बुटक्या बाकांवर माणसं गुडघे दुमडून बसली होती. समोर नगरसेविका बाई, आणि शेजारी पाणी खात्याचे इंजिनीअर. नगरसेवक बाई आहेत हे काकांना तिथे कळलं. कुणी बंद दिव्याचं सांगितलं, कुणी कचऱ्याचं. काकांना हे सगळं फार किरकोळ वाटलं.

"बोला काका," बाई म्हणाल्या. "काय अडचण आहे?"

"पाणी मुरतंय!" काका गरजले.

इंजिनीअरनी लगेच पेन उघडलं. "कुठे?"

"कुठे नाही ते विचारा!"

"तरी, सुरुवात कुठून?"

"उत्तरेकडून! सगळी गडबड उत्तरेकडूनच सुरू झाली."

"उत्तर टोक," इंजिनीअर लिहिता लिहिता म्हणाले. "किती दिवसांपासून?"

"मागच्या युद्धापासून!"

इंजिनीअरनी मान वर केली. "पाइप इतकी जुनी आहे?"

"पाइप? अहो, मी गव्हाबद्दल बोलतोय!"

सभेत जो हशा उठला, तो काकांना दाद वाटला. मग ते असे सुटले, की बाईंना दोनदा घंटा वाजवावी लागली. इंजिनीअर स्वभावानं सरळ माणूस. म्हातारा रागावून बोलतोय, म्हणजे घरात पाणी शिरलं असणार, गहू भिजला असणार, असं त्यांनी धरलं.

दुसऱ्याच दिवशी खात्याची माणसं आली आणि त्यांनी गल्लीच्या उत्तर टोकाला, बरोबर काकांच्या दुकानासमोर, खणायला सुरुवात केली. गळती सापडेना. म्हणून आणखी खणलं. शेवटी चांगली ठणठणीत पाइप सापडली, पण ती पहारीच्या टोकालाच सापडली! पाण्याचा फवारा थेट दुकानात. तिन्ही राजधान्या एका क्षणात बंद पडल्या. गल्लीचं पाणी तोडावं लागलं. रिकाम्या बादल्या घेऊन बायामाणसं दारात उभी राहिली, आणि काका दिसले की पोरंसोरंही ओरडू लागली, "उत्तरेकडून!"

भिजलेली घड्याळं धोतराच्या कापडात बांधून काका घरी आले, तर आईच्या खोलीतला सगळा देश भिंतीवरून खाली, खाटेवर पडलेला! चुन्याचे ढलपे, विटांचा चुरा. खाट रिकामी.

"आई!"

"ओरडू नकोस, इथे आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला. काकूंनी तिला सकाळीच तिकडे हलवलं होतं. ती डब्यांच्या मध्ये मुटकुळं करून बसली होती आणि खोकत होती.

काकू खाली वाकून ढलपे गोळा करू लागल्या. बोलली ती आईच.

"तुला लांबचं चांगलं दिसतं रे, बाळा. मी फार जवळ आहे, म्हणून दिसत नाही."

काका पडलेल्या भिंतीसमोर बसले. त्यांना लाज वाटत होती. हजार कोसांवरच्या पुढाऱ्यावर चिडणं सोपं, कारण तो कधी उलटून विचारत नाही, 'मग तू काय केलंस?' चढावरची पाइप तसं विचारते. तिथे आपण गेलो तर काम होतं, नाही गेलो तर होत नाही, आणि मग बोट दाखवायला दुसरं कुणी उरत नाही. म्हणूनच आपण इतकी वर्षं गव्हाच्या जहाजांमागे धावत होतो की काय, असं त्यांच्या मनात आलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ते पाणी खात्यात गेले. इंजिनीअरनी त्यांना पाहून खुर्ची थोडी मागे सरकवली.

"साहेब," काका म्हणाले, "माझ्या आईच्या खोलीची भिंत ओली आहे. पाइप दक्षिणेला, चढावर गळतेय."

"काका, हे एवढंच काल सांगायचं होतं!"

"हो."

पाइप दुरुस्त झाली. भिंत नव्यानं उभी राहिली, पांढरीशुभ्र, कुठल्याही देशाचा मागमूस नसलेली. आईचा खोकला गेला. काका आता वॉर्डाच्या प्रत्येक सभेत पहिल्या बाकावर बसतात, दिव्यांबद्दल बोलतात, कचऱ्याबद्दल भांडतात. दुकानात आता एकच घड्याळ आहे आणि ते इथली वेळ दाखवतं. इंजिनीअरचा नंबर तर काकांना पाठच झालाय.

परवा सकाळी काका दाढी करत होते. काकू आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. एकदम त्या ओरडल्या, "अहो! इथे पाणी मुरतंय!"

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून काका धावले. त्यांनी भिंतीला तळहात लावला, गाल लावला, खाटेखाली वाकून पाहिलं, आणि दुसऱ्या हातानं फोनही लावला!

"अहो, भिंतीत नाही!" काकू म्हणाल्या. "तुमच्या त्या गव्हाच्या करारात! त्या अर्थमंत्र्याचा मेहुणा पकडला गेला! तुम्ही म्हणत होतात ते खरं निघालं की!"

पण तोवर पलीकडून फोन उचलला गेला होता. "बोला काका! कुठे मुरतंय?"

काकांनी कोरड्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीवर आता त्यांच्या साबणाचं एक बेट उमटलं होतं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तुमच्या हद्दीबाहेर आहे."