नायट्रोजनच्या टाकीची खंडेनवमी

"एवढी हळद नवरदेवाला बी लावत नाय कुणी, सारजाबाई," द्वारकाबाई माझ्या कानाशी पुटपुटली.

मी नायट्रोजनच्या टाकीवर हळदीची बोटं ओढत होते. खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत सगळ्या यंत्रांची पूजा होते आणि टाकीचा मान माझ्याकडं असतो. तिच्यात देवणी जातीच्या वळूंचं वीर्य गोठवून ठेवलेलं असतं. थंडी अशी, की झेंडूचं फूल आत पडलं तर काचेसारखं फुटावं.

त्याच दिवशी अग्निशामकवाल्यांची तपासणी. नापास झालो तर टाकी जालन्याला जाणार होती. "मी असताना नापास?" असं मी सगळ्यांना ऐकवलं होतं. भिंतीवरची नियमांची पाटी पुसता पुसता मला पाठ झाली होती. नायट्रोजन जळत नाही, पण खोलीत कोंडला तर श्वासापुरती हवा उरत नाही. म्हणून जमिनीलगतचे झरोके उघडे हवेत, ज्योत नको, दाराची वाट मोकळी हवी, आणि हवा कमी पडली की ओरडणारं यंत्र हवं.

टाकी जालन्याला गेली तर वळूंचं काही बिघडत नव्हतं. बिघडणार होता माझा गुरुवार. दर गुरुवारी काकासाहेब वाळूजहून टेंपोत नायट्रोजन आणतात. माणूस दौलताबादचा. बायको कधीच गेलेली, जसा माझा नवरा. नळी जोडतात, दोन शब्द बोलतात, हंगामात टेबलावर चार सीताफळं ठेवतात. "घरची हायत," एवढंच. मी बुधवारीच साडीला इस्त्री करून ठेवते. हे अख्ख्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं, आणि गुरुवार आला की अख्खी प्रयोगशाळा खिडकीबाहेर बघायची.

बेत असा होता: आधी पूजा, मग आवराआवर, मग जेवणं उरकल्यावर तपासणीचे साहेब. साहेब पूजेतच आले! हळदकुंकू बघून बिचाऱ्यांनी बूटही बाहेर काढले.

"समई कुणी लावली?"

"शांत करते साहेब, आत्ताच."

"आणि झरोके?"

आम्ही दोघींनी झेंडूच्या माळांकडं बघितलं. उघडी भोकं सणाला बरी दिसत नाहीत म्हणून द्वारकाबाईनं झरोक्यांवर आपली जरीची साडी ताणून वर त्या माळा सोडल्या होत्या.

तेवढ्यात यंत्र ओरडायला लागलं.

"कुणाचा फोन हाय, उचला की," द्वारकाबाई म्हणाली.

"बाहेर व्हा सगळे!" साहेब गरजले.

आम्ही धावलो आणि दारातच थबकलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत द्वारकाबाईचा रांगोळीचा मोर पसरला होता.

"पिसाऱ्यावर नका पाय देऊ. कडंकडंनं जावा."

"कडंला जागा ठेवली का तू?"

साहेबांनीही उचललेला पाय परत घेतला. आगीत शिरणारा माणूस, पण सणाची रांगोळी तुडवायची म्हटल्यावर त्यालाही आई आठवली असणार.

गुरुवारच होता; तेवढ्यात काकासाहेब आले. यंत्राचा आवाज त्यांच्या ओळखीचा. मोराच्या मानेवर पाय देत सरळ आत शिरले, माझं मनगट धरलं आणि पिसाऱ्यावरून मला बाहेर ओढलं. मागोमाग साहेब, त्यांच्यामागं हळहळत द्वारकाबाई. काकासाहेबांनी बाहेरूनच पंख्याची कळ दाबली. मनगट सोडायचं मात्र राहून गेलं.

साहेबांनी बूट घातले. "साडी काढा, समई काढा, रांगोळी दुसरीकडं घाला. सण आहे, समजू शकतो. पण तुम्ही आज काय आणलंत?"

"नायट्रोजन," काकासाहेब म्हणाले.

"काटा बघितला मी. टाकी भरलेलीच आहे. अशा टाकीला महिन्यातून दोनदा भरलं तरी पुष्कळ. मग नोंदवहीत दर आठवड्याला गाडी कशाला? साठा वाढवणार असाल तर टाकी इथं ठेवता येणार नाही."

द्वारकाबाई तळपायाचा रंग निरखायला लागली.

"इथं ऊन लई, साहेब. उडून जातो," मी म्हटलं.

"पावसाळ्यातसुद्धा?"

यंत्र गप्प झालं होतं. खोलीत हवा परत आली होती. मला तेवढी पुरत नव्हती.

काकासाहेबांनी मनगटाकडं बघितलं. सोडलं नाही.

"महिन्यातून दोनदाच भरू, साहेब. टाकी इथंच राहू द्या," ते म्हणाले. "गुरुवारी मी टाकीसाठी येतच नाय. सारजाबाईसाठी येतो."