गाडीला खुराक

मेहुण्याने टेकडीवर घर बांधलं आणि बापूंच्या गाडीवर संक्रांत आली. सपाट रस्त्यावर ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. चढ लागला की मात्र डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा आवाज करी आणि मधेच बसकण मारी. दोनदा अर्ध्या वाटेवरून परत फिरल्यावर वहिनींनी, म्हणजे बापूंच्या बायकोने, निकाल दिला, "या रविवारी वर पोचली तर ठेवू. नाहीतर विकू."

बापू हादरले. लग्नाच्या वर्षी घेतलेली गाडी! (वहिनींशी भांडण झालं की ते गाडीतच जाऊन बसत.) त्यांनी तडक स्पेअर पार्टचं दुकान गाठलं. दुकानदाराने एक लाल बाटली पुढे सरकवली. "ऑक्टेन बूस्टर. पेट्रोलच्या टाकीत ओता, साहेब. रेसच्या गाड्यांना हेच लागतं."

रेसच्या गाडीत मागच्या सीटवर आई बसलेली नसते, हे काही बापूंना सुचलं नाही.

"अहो, गाडीच्या पुस्तकात साधं पेट्रोल लिहिलंय," वहिनी म्हणाल्या. "तिला तेवढंच लागतं. पैलवानाचा खुराक कारकुनाला घातला म्हणून तो कुस्ती मारतो का?"

बापू स्वतः कारकून. तरी बाटली मात्र त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.

रविवारी निघाल्या निघाल्या त्यांची कळी खुलली. "बघा, कशी लोण्यासारखी चाललीय!"

"अरे, सपाटीवर रोजच चालते," आई मागून म्हणाल्या.

चढ सुरू झाला आणि खिळे वाजू लागले. "औषधाचा गुण यायला वेळ लागतो," बापू घाम पुसत म्हणाले. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. बापूंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "गेली गं माझी गाडी!"

"उतरा," वहिनी म्हणाल्या. आजवर चढावर बापूंनी त्यांना स्टीअरिंगला हात लावू दिला नव्हता. त्या बापूंच्या जागेवर बसल्या आणि गिअरकडे बघतच राहिल्या. "अहो, एवढ्या चढावर तिसरा गिअर?"

"खालच्या गिअरमध्ये पेट्रोल फार पिते."

"आणि ती बाटली काय फुकट मिळाली?"

वहिनींनी गाडी पुन्हा सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि हँडब्रेक अलगद सोडला. गाडी तसूभरही मागे न सरकता निघाली. वळणावर दुसरा, मग पुन्हा पहिला. एकही खिळा वाजला नाही. बापू रस्ता बघायचं सोडून बायकोकडेच बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी गुणी बाई शेजारी बसवून आपण तिला नुसतं नकाशा बघायला लावलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. आणि अभिमान तर इतका वाटला, की मेहुण्याच्या दारात उतरताच ते ओरडले, "मानलं तुला! राहिली ना गं गाडी?"

"राहिली. तिच्यात काहीच खोट नव्हती." वहिनींनी किल्ली पर्समध्ये टाकली. "यापुढे चढउतार मी बघेन."

"बघ की! मी तुझ्या शेजारी बसेन."

परत निघताना बापू गाडीशी आले, तर पुढच्या सीटवर आई पट्टा लावून तयार.

"तू मागे बस, बाळा," त्या म्हणाल्या. "आणि खिडकीतून हात बाहेर काढू नकोस."